तीन लिप्यांची पहिली

बेळगाव-निपाणीकडे मूल सहा वर्षांचं झालं की घरात वाद रंगतो तो माध्यमाचा. आजोबांना मराठी शाळाच हवी असते, वडिलांना पुढच्या नोकरीसाठी कन्नड सोयीची वाटते आणि शेजारच्या दारात रोज सकाळी इंग्लिश मिडियमची व्हॅन थांबते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग आताच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून हा प्रश्न इथे अस्मितेचाही आहे. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यांची पुनर्रचना घटनेत बसवली, तिनेच कलम ३५० अ आणलं आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणं राज्यांवर सोपवलं. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारला माध्यम लादता येणार नाही, निवड पालकांची. पण फॉर्म भरला की आपली जबाबदारी संपली, असं मानणारे पालक पुष्कळ आहेत. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

शाळा मराठी असली तरी इथल्या मुलासमोर कन्नड आणि इंग्रजीही लवकरच येतात. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची केली आहे. म्हणजे कोवळ्या वयात तीन लिप्या. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ला वेगवेगळी अक्षरं आहेत, मराठीत एकच. आकड्यांचं तर आणखी अवघड. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, कन्नडमध्ये वीस आधी. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी जोड दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढी टिंगल झाली! सीमेवरचं मूल मात्र बाजारात कन्नडमधून तशीच मोजणी रोज ऐकतं. त्याने पंचविसाच्या जागी ५२ लिहिले, तर मराठीत कानावर पडलं त्या क्रमाने त्याने लिहिलं, इतकंच. घरात मात्र त्याला ‘लक्ष नाही’ हा शेरा मिळतो आणि लगेच शिकवणी लागते.

या वयात मुलाला शिकवणीपेक्षा गप्पांची गरज जास्त असते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं, की पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. शाळेतलं भांडण आधी काय झालं, मग काय झालं, असं मराठीत नीट सांगणारं मूल कन्नड धड्यातली गोष्टही लवकर पकडतं. म्हणून कन्नड किंवा इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाशी घरी मोडकंतोडकं परकं बोलणं हे त्याचं नुकसान आहे. यासाठी आईबाप शिकलेले असायला हवेत असंही नाही. निपाणी भागात कित्येक बायका घरी विड्या वळतात. त्यांचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्या वेळात मुलाला बोलतं करता येतं. त्याच्या हाती विड्यांची सुपली देण्यापेक्षा ते हजारपटीने बरं.

शाळेकडूनही योग्य तेच मागावं. कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली ‘नलि-कलि’ पद्धत १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली. त्यात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसून कार्डांवरून आपापल्या वेगाने शिकतात. तिथे वही कोरी दिसली म्हणून बाईंवर चिडण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे: मूल वर्गात बोलतं का? त्याची घरची भाषा बाईंना कळते का? शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या (एसडीएमसी) बैठकीत रंगकाम आणि कंपाउंडच्या भिंतीइतकाच वेळ या प्रश्नांना मिळायला हवा.

माध्यमाचा लढा मोठ्यांनी जरूर लढावा, तो न्याय्य आहे. पण त्याचा निकाल लागेपर्यंत पहिलीतलं मूल थांबणार नाही. ते तिसरीत जाईल, मग सातवीत. म्हणून पालकांनो, माध्यम कोणतंही निवडा. पहिली तीन वर्षं रोज थोडा वेळ मुलाचं बोलणं त्याच्या भाषेत, चूक न काढता, पूर्ण ऐकून घ्या.