दोष या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘दोष’ हा एकच शब्द आपण दोन कामांना वापरतो. यंत्रात दोष असतो आणि माणसाचाही दोष असतो. पहिला शोधावा लागतो, दुसरा देता येतो. शोधण्यापेक्षा देणं सोपं असल्यामुळे पुष्कळदा आपण दुसरं काम उरकतो आणि पहिलंही झालं असं समजतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या सांगलीच्या घरी एका वॉशिंग मशीनच्या बाबतीत हेच झालं.

मशीन जुनं, माझ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान. समोरून दार, मागे मोटर, आणि मोटरपासून ड्रमपर्यंत रबरी बेल्ट. आईबाबा पाच महिने माझ्याकडे पुण्याला होते, तेवढा काळ ते बंद होतं. जूनमध्ये दोघं परत गेले आणि त्याच आठवड्यात कामाला नव्या मावशी लागल्या. मशीन ‘ठक, ठक’ वाजायला लागलं तेही तेव्हापासूनच.

आईचं निरीक्षण पक्कं होतं. सकाळी आठला मावशी कपडे लावतात तेव्हा मशीन वाजतं. त्या गेल्यावर दहाच्या सुमाराला आई दुसरा घाणा लावते तेव्हा वाजत नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवरच आवाज ऐकला आणि सांगितलं, “बेअरिंग गेलंय, चारेक हजार लागतील. लोड जास्त पडत असणार.” आईने मला विचारलं. मी मीटिंगमध्ये होतो. “मग त्यांना कमी कपडे घालायला सांग,” म्हणालो आणि फोन ठेवला.

आईने एक पाऊल पुढे जाऊन मशीनला हात लावू नका असंच सांगितलं. त्यानंतर तीन आठवडे मावशी चादरी, टॉवेल, बाबांचे पायजमे मोरीत बसून हाताने धूत होत्या. पगार तेवढाच.

मी घरी गेलो तेव्हा उत्सुकता यंत्राची होती, न्यायाची नव्हती. हे आधीच कबूल करतो. प्लग काढला, मशीन भिंतीपासून ओढलं, मागचा पत्रा उघडला. बेल्ट उतरवून ड्रम हाताने फिरवला तर तो मुकाट फिरला. वर-खाली हलवून पाहिला, खेळ नव्हता. म्हणजे बेअरिंग ठीक. वजनाचा काँक्रीटचा ठोकळा घट्ट होता. मोटर हाताने फिरवली, तीही गुळगुळीत. बेल्ट पुन्हा चढवला आणि सावकाश फिरवलं, तर हाताला मधूनच अडखळल्यासारखं लागलं.

मग मोजायला बसलो. बिघाड ड्रममध्ये किंवा त्याच्या मोठ्या पुलीत असता तर ड्रमच्या दर फेरीला एक ठोका पडला असता. मोटरच्या छोट्या पुलीत असता तर एका फेरीत डझनभर पडले असते. पुलीवर आणि बेल्टवर खडूने खूण केली. ड्रमच्या चार फेऱ्यांत तीन अडखळे येत होते. मोठ्या पुलीचा व्यास 29 सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण 91. बेल्टची लांबी 122. चार फेऱ्यांना 364, आणि बेल्टच्या तीन वेढ्यांना 366. हिशेब जुळला. ठोका बेल्टचा होता.

पाच महिने ताणलेल्या अवस्थेत एकाच जागी उभा राहिल्यामुळे, छोट्या पुलीवर जिथे बेल्ट सर्वांत जास्त वाकला होता तिथे रबराला तो बाक कायमचा बसला होता. तो भाग पुलीवरून जाताना दर वेळी उडी मारत होता. रबर गरम झालं की मऊ पडतं आणि उडी कमी होते. पहिला घाणा थंड बेल्टवर होतो, दुसरा तापलेल्या. आईच्या वेळी मशीन गप्प राहायचं ते त्याआधी मावशींनी ते तापवून ठेवलेलं असायचं म्हणून.

इथे मी जरा थांबलो, कारण आईने तर्क चुकीचा केला होता असं म्हणता येईना. भारतीय न्यायदर्शनात कारण ओळखायची एक जुनी रीत आहे. एक गोष्ट असताना दुसरी असते, हा अन्वय. पहिली नसताना दुसरी नसते, हा व्यतिरेक. मी बेल्ट उतरवून पाहिला तो व्यतिरेकच होता. पण आईकडेही दोन्ही होते: मावशी असताना आवाज, मावशी नसताना शांतता. महिनाभर, रोज.

मात्र नैयायिकांना हा धोका माहीत होता आणि त्यांनी त्याला ‘उपाधी’ असं नाव दिलं होतं. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचं नेहमीचं उदाहरण आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो हे खरं, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. ती न दिसलेली अट म्हणजे उपाधी. आमच्या घरात थंड बेल्ट ही उपाधी होती, आणि ती मावशींच्या वेळेला चिकटून बसली होती.

मग चूक कुठे झाली? माझ्या मते, पुरावा पुरेसा वाटण्याचा उंबरठा आम्ही कोणासाठी किती ठेवला होता, तिथे. ठोका आईच्या घाण्याला पडला असता तर ‘आईचा हात जड आहे’ असं घरात कोणी म्हटलं नसतं. मशीन उघडून पाहिलं असतं.

हे मला जास्त लागलं, कारण माझ्या नोकरीत याच्या उलट रीत आहे. सिस्टिम कोसळली की आम्ही बसून कारणं लिहून काढतो आणि त्यात कोणाला दोषी धरत नाही. ‘कोणी केलं’ हा प्रश्न नसतो. ‘त्या क्षणी त्याला ते बरोबर का वाटलं’ हा असतो. सॉफ्टवेअरच्या जगात ही पद्धत रुजवण्यात जॉन ऑलस्पॉ यांच्या 2012 मधल्या लेखाचा मोठा वाटा आहे. विमान वाहतुकीत ही समज त्याहून जुनी आहे. नासा 1976 पासून वैमानिकांकडून त्यांच्याच चुकांच्या गोपनीय नोंदी गोळा करते. माणूस घाबरला की लपवतो आणि लपवलं की खरं कारण सापडत नाही, हा त्यामागचा विचार.

मी स्वतः एकदा चुकीचा बदल चढवून दोन तास सेवा बंद पाडली होती. मला कोणी एक शब्द बोललं नाही. ही पद्धत मी सुसंस्कृतपणा समजत होतो. मोरीतली बादली पाहिल्यावर वाटलं, ती काही अंशी माझ्या बाजारभावाची सोय आहे. मला दुखवणं महाग पडतं. मावशींना दुखवणं स्वस्त होतं.

पण मग उरलेला प्रश्न अवघड आहे. कोणालाच दोष द्यायचा नाही हे तत्त्व आता घरी लावलं, तर त्याचा पहिला लाभार्थी मीच ठरतो. आईची चूक समजण्यासारखी, दुरुस्तीवाल्याची समजण्यासारखी, माझ्या मीटिंगमधल्या एका वाक्याचीही समजण्यासारखी. सगळं समजून घेतल्यावर मावशींचे तीन आठवडे कोणाच्या खात्यावर मांडायचे? मला वाटतं, दोष न देता शोधणं ही शोधाची अट आहे. शोध संपल्यावर कोण कोणाचं काय देणं लागतो हा वेगळा हिशेब सुरू होतो आणि पहिल्या अटीच्या आडून तो माफ करून घेता येत नाही. बेल्टचं वागणं समजलं म्हणून आमचं वागणं फिटत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना काढलेला बेल्ट दाखवला. त्यांनी तो बाक आलेला भाग बोटांनी दाबून पाहिला. “बेल्ट होय, दादा? मला वाटलं माझाच हात जड असंल.” त्या हसल्या. मला हसता आलं नाही. आम्ही दिलेला दोष त्यांनी महिनाभर खरा मानला होता. हे नुकसान माझ्या कोणत्याच हिशेबात धरलेलं नव्हतं.

नवा बेल्ट काही शे रुपयांत मिळाला. आई माफी वगैरे म्हणाली नाही. तिच्या पिढीला तो शब्द मावशींशी वापरायची सवय नाही, आणि मी तिच्या वतीने बोलणं मला पळवाट वाटली. माझ्या वाक्यापुरतं मी बोललो. मावशींनी “असू दे” म्हणून विषय संपवला.

पहिल्या तारखेला आईने पगारावर सहाशे रुपये जास्त ठेवले. मावशींनी मोजून विचारलं, “हे कशाचे, वहिनी?”

“हाताने धुतलेत ना तीन आठवडे,” आई म्हणाली. “त्याचे.”