यंत्राचा आराखडा आणि गुरुकिल्ली

विद्या दिल्यानें वाढते, हें आपल्याकडे लहानपणापासून ऐकविलें जातें. परंतु देणाऱ्यानें ती खरोखर दिली कीं नुसती दाखविली, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मांजरानें वाघास सर्व कांहीं शिकविलें, फक्त झाडावर चढणें तेवढें शिकविलें नाहीं, ही गोष्ट आपण मुलांस हंसत सांगतों आणि मांजराच्या धोरणाचें कौतुकही करतों. त्याच धोरणामुळें किती वैद्यांचे पाठ व किती कारागिरांचे हातखंडे त्यांच्याबरोबरच नाहींसे झाले, याची गणती नाहीं. हा जुना प्रश्न आज एका नव्या क्षेत्रांत पुन्हा उभा राहिला आहे. आपण रचलेल्या यंत्राचा आराखडा जगापुढें ठेवावयाचा. तो कोणींही पाहावा, त्याबरहुकूम यंत्र करावें, त्यांत फेरफार करावा, तें विकावेंही, अशी प्रतिज्ञा करणारा एक संप्रदाय या शतकांत उदयास आला आहे. त्याच्या मार्गास आम्ही 'मुक्त यंत्ररचना' म्हणूं. या मार्गांत यंत्राच्या अवयवांची आकृति काढणें हेंच देण्याचें साधन होय. मग आकृति काढणाऱ्याचें कर्तव्य कोठें पुरें होतें?

आकृति ही स्वभावतःच उदार असते, असें मुळींच नाहीं. घन वस्तु कागदावर मापशीर उतरविण्याचें शास्त्र फ्रान्समध्यें गास्पार मोंज यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रचलें. परंतु मेझिएर येथील लष्करी विद्यालयानें तें कित्येक वर्षें गुप्त ठेविलें, आणि १७९५ सालीं कोठें तें मोंज उघडपणें शिकवूं लागले. जेम्स वॉट यांनीं १७६९ सालीं आपल्या बाष्पयंत्राच्या सुधारणेचें पेटंट घेतलें. पेटंट म्हणजे एक करारच होय: शोधकानें आपली युक्ति उघड करावी आणि त्याबद्दल समाजानें त्याला कांहीं वर्षें एकाधिकार द्यावा. पण वॉट यांच्या वर्णनांत एकही आकृति नव्हती. एकाधिकार मात्र १७७५ च्या कायद्यानें १८०० पर्यंत वाढविण्यांत आला, आणि वर्णनाच्या अपुरेपणावरून पुढें न्यायालयांत मोठा वाद माजला. सांगितल्यासारखें करून न सांगणें ही कला कांहीं आजची नव्हे.

मुक्त यंत्ररचनेचें एक प्रसिद्ध उदाहरण पाहूं. इंग्लंडांतील बाथ विद्यापीठांत एड्रियन बोयर यांनीं २००५ सालीं 'रेपरॅप' नांवाचा उपक्रम आरंभिला. प्लास्टिकची तार वितळवून, थरावर थर देऊन वस्तु घडविणारें हें यंत्र. आणि स्वतःचेच अवयव घडविणें हा त्याचा हेतु. २००८ सालीं अशा एका यंत्रानें दुसऱ्याचे प्लास्टिकचे भाग घडविले. याची स्थूल आकृति कोणासही काढतां येईल: एक सांगाडा, तीन दिशांची हालचाल करणाऱ्या मोटारी व पट्टे, प्लास्टिक सोडणारी तापलेली तोटी, आणि या सर्वांस आज्ञा देणारें विद्युत्-मंडल. चार चौकटी काढून त्या रेघांनीं जोडल्या कीं यंत्र समजतें. पण तें करतां येत नाहीं. करावयाचें तर प्रत्येक भाग सुटा काढून दाखविला पाहिजे, त्याचें माप दिलें पाहिजे, छिद्र किती सैल ठेवावें आणि कोणता भाग आधीं बसवावा हेंही सांगितलें पाहिजे.

या यंत्राला जे भाग स्वतः घडवितां येत नाहींत, म्हणजे मोटारी, स्क्रू, धातूचे दांडे वगैरे, त्यांस या मंडळींनीं 'जीवनसत्त्वें' असें नांव दिलें आहे; शरीराप्रमाणें यंत्रालाही तीं बाहेरूनच मिळवावीं लागतात. या विनोदी नांवांत आम्हांस मोठा प्रामाणिकपणा दिसतो. आपण काय देतों याबरोबरच काय देत नाहीं, हें त्यांत आलें. मुक्त यंत्ररचनेची जी व्याख्या २०११ सालीं प्रसिद्ध झाली, तिचाही कटाक्ष हाच आहे: रचनेचा कोणता भाग खुला केला तें स्पष्ट सांगावें, ज्यांत फेरफार करतां येईल अशा मूळ स्वरूपांत आराखडा द्यावा, आणि तो बुद्ध्या दुर्बोध करूं नये.

कोणी म्हणेल, सर्वस्व उघड करणाऱ्यानें पोट कसें भरावें? हा आक्षेप क्षुद्र नव्हे. याच परंपरेंतून २००९ सालीं निघालेल्या अमेरिकेंतील मेकरबॉट कंपनीनें २०१२ सालीं आपल्या नव्या यंत्राची रचना बंद ठेविली. चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनानंतरच्या चेक देशांतील जोसेफ प्रुसा यांनीं २०१० सालीं रेपरॅपला सुटसुटीत रूप दिलें व तें जगभर पसरलें. त्यांनींच २०२३ सालीं, लोक खुल्या रचना घेतात पण परत कांहीं देत नाहींत, अशी जाहीर तक्रार केली. मांजराचें भय खोटें नव्हतें. वाघ त्यास खाणारच होता. म्हणून राखून ठेवणें हेंच पाप, असें आम्ही म्हणत नाहीं. राखून ठेवलें असतां 'सर्व दिलें' म्हणणें, हें मात्र असत्य होय.

परंतु याहून सूक्ष्म असा एक दोष आहे, आणि तो लोभी माणसांपेक्षां उदार माणसांतच अधिक आढळतो. ज्यानें यंत्र दहा वेळां जोडलें, त्याच्या बोटांस जें ठाऊक असतें तें कागदावर लिहिण्याजोगें त्याला वाटतच नाहीं. अशा रीतीनें गुरुकिल्ली कोणीं न लपवितांच गुप्त राहते. यावर उपाय एकच. आराखडा अनोळखी माणसाच्या हातीं द्यावा, स्वतः गप्प बसावें, आणि तो जेथें अडेल तेथें आपली आकृति अपुरी आहे असें समजावें.

हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. आपल्या घरांतील पंप किंवा कपडे धुण्याचें यंत्र बंद पडलें म्हणजे पुष्कळदां एका दात्यांच्या चाकापायीं सबंध यंत्र मोडींत निघतें. कारण त्या चाकाचें माप घेणाऱ्यांपाशीं नसतें, आणि विचारावें कोणास हेंही ठाऊक नसतें. जी वस्तु आपण विकत घेतली पण जिचें अंतरंग आपणांस पाहतां येत नाहीं, तिच्यावरील आपली मालकी अर्धीच म्हटली पाहिजे. राहिलेली अर्धी ज्याच्या हातीं आहे, त्यानें ती द्यावी हें उत्तम. न दिली तर तसें स्पष्ट सांगावें, एवढें तरी त्याच्याकडे मागण्याचा आपला अधिकार आहे.