दोन औंस माती

घरातल्या कुंडीवर ज्यांची माया असते, त्यांचा हात झाड जरा मलूल दिसलं की खताच्या डब्याकडे जातो. पान पिवळं पडलं, घाला खत. वाढ खुंटली, घाला खत. त्या मायेविषयी मला आदरच आहे, आणि म्हणूनच हे सांगावंसं वाटतं, की खत हे झाडाचं जेवण नव्हे. जेवण ते स्वतः रांधतं, उजेडात.

एक जुना प्रयोग सांगतो. आजच्या बेल्जियममध्ये राहणाऱ्या यान बाप्टिस्टा वान हेल्माँट यांनी एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली आणि तीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांच्या वर. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती अवघी दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमहूनही कमी. हे सारं त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापून आलं. झाड नुसत्या पाण्यापासून बनतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हवेतला कार्बन डायऑक्साइड झाडाच्या अंगात मुरतो, हे कळायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला. मोजमापात थोडंफार इकडेतिकडे झालं असेल, पण त्या दोन औंसांवर मन फार वेळ रेंगाळतं. एवढ्या मोठ्या देहाला मातीकडून हवं होतं ते इतकंसं!

इतकंसं, पण त्यावाचून चालत नाही असं. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला धरून नत्राचे चार. ते मिळाले नाहीत, तर भरपूर उजेड असूनही पान हिरवं होत नाही. कुंडीतल्या मूठभर मातीतला हा साठा कधी ना कधी संपतो, म्हणून खत लागतं. प्रश्न आहे तो केव्हा आणि किती, एवढाच.

वसंतात सुरू करा, हिवाळ्यात बंद ठेवा, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. हा सल्ला थंड देशांतला आहे. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा. मुंबईत तो अकराच्या आसपास असतो. आपल्या घरोघरी दिसणारा मनी प्लांट मूळचा ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा, बाराही महिने उबेत वाढणारा. मुंबईच्या हिवाळ्यात तो पुरता झोपत नाही, फक्त मंदावतो. पुण्या-नाशिकच्या गार रात्रींत मात्र त्याची वाढ जवळजवळ थांबते, आणि तेव्हा घातलेलं खत मातीतच पडून राहतं. नागपूरला उलटी गत. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा झाडाला वाढायचं नसतं, तगायचं असतं. आपल्याकडे हंगाम एक नाही, म्हणून खताचं वेळापत्रकही एक असू शकत नाही. कॅलेंडरपेक्षा वेलीचा शेंडा पाहावा. नवं पान सुटत असेल तर खत द्यावं, नसेल तर थांबावं.

हे थांबणं मायेच्या माणसाला फार जड जातं. पण जास्तीच्या खताने काय होतं ते पाहण्यासारखं आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं. मातीत क्षार साचले की मुळांचीही तीच अवस्था होते. भोवती ओलावा असून त्यांना तो ओढून घेता येत नाही. पानांची टोकं करपतात, मातीवर पांढरा थर धरतो. आणि करपलेली टोकं पाहून आपण पुन्हा खतच घालतो! अशा वेळी दोन-तीनदा साधं पाणी भरपूर घालून ते कुंडीच्या भोकातून वाहू द्यावं. तोच उपचार.

फाल्गुन-चैत्रात पालवी फुटते, तो देण्याचा खरा काळ. शेतकऱ्यांच्या ओळखीचं एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात ग्रॅमभर, तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही माती आधी ओलवून. किंवा माती वरवर उकरून मूठभर गांडूळखत. मला तेच अधिक आवडतं, कारण ते सावकाश सुटतं आणि त्यात चूक झाली तरी झाड सहसा निभावून नेतं. आषाढ-श्रावणात हवा दमट, पण उजेड ढगाआड, माती दिवसेंदिवस ओली. म्हणून मात्रा निम्मी. गॅलरीत पावसात भिजणाऱ्या कुंडीतलं सत्त्व मात्र धुऊन जातं. तिला पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात, पुन्हा द्यावं लागतं. चहाचा चोथा घालायचा तर दूध-साखर धुऊन, नाहीतर मुंग्या येतात.

आणि हॉलच्या आतल्या कोपऱ्यातली कुंडी? तिला खत देण्याआधी खिडकीजवळ सरकवावं आणि तीन-चार आठवडे नुसतं पाणी घालावं. तिथे आलेलं पहिलं पान जुन्या पानांपेक्षा मोठं निघालं, तर कमतरता खताची नव्हती, उजेडाची होती. उजेड मिळूनही नवं पान फिकट आणि लहानच राहिलं, तर मग डबा उघडावा, ग्रॅमभरासाठी.