यादी वाचणाऱ्याचा हक्क

हैदराबादच्या फिरोजगुड्यात इंडियन एअरलाइन्सने सेंट्रल ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंट उभारले. वैमानिकांच्या कित्येक पिढ्या तिथल्या सिम्युलेटरमध्ये घाम गाळून तयार झाल्या. इंजिनाला आग, पंखांचे अडकलेले फ्लॅप, धावपट्टीवरचे धुके या सगळ्यांचा सराव तिथे करून घेतला जाई. पण कुठलेही संकट नसतानाही एक काम प्रत्येक उड्डाणात चुकत नाही : चेकलिस्ट वाचणे. एक वैमानिक ओळ वाचतो, दुसरा त्या तरफेकडे किंवा काट्याकडे बघून उत्तर देतो. "लँडिंग गिअर?" "अप." "फ्लॅप्स?" "झीरो." आज हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून उडणाऱ्या बोइंग ७३७ मध्ये ही यादी कागदावर असते, तर बोइंग ७८७ मध्ये पडद्यावर. यांतले चांगले कोणते, हा वैमानिकांमधला जुना वाद आहे. प्रवासी म्हणून आपलाही जीव त्या यादीवर टांगलेला असतो, म्हणून तो आपणही समजून घ्यायला हवा.

यादीचा जन्मच एका अपघातातून झाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ उडाल्यावर लगेच कोसळले. वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली कळ काढायची राहून गेली होती. चालवणारे नवखे नव्हते, निष्णात चाचणी वैमानिक होते. म्हणून सैन्याने वैमानिकांना जादा प्रशिक्षण देण्याऐवजी छोटी यादी लिहून दिली. माणूस कितीही तरबेज असला तरी विसरतो, हे त्या यादीने मान्य केले.

कागदाची कमजोरी उघड आहे. मध्येच रेडिओवर बोलावे लागले, केबिनमधून फोन आला, की बोट कुठल्या ओळीवर होते ते कागद सांगत नाही. यादी वाचायचीच राहिली, तरी तो गप्प बसतो. जुलै २०१७ मध्ये कोलकात्याहून मुंबईला निघालेले एअर इंडियाचे ए-३२० नागपूरला उतरवावे लागले. चाके आत घ्यायची राहून गेली होती. हवेचा अडथळा वाढला, उंची आणि वेग मिळेना, इंधन मात्र भराभर संपत चालले. आणि ए-३२० च्या उड्डाणानंतरच्या यादीत पहिलीच ओळ लँडिंग गिअरची, म्हणजे चाकांची होती.

इथे पडदा सरस ठरतो. बोइंगच्या इलेक्ट्रॉनिक यादीत चाके आत गेल्याशिवाय ती ओळ हिरवी होत नाही. अर्धवट राहिलेली यादी अर्धवटच दिसते. संकटाच्या वेळी तर पडद्याची किंमत आणखी कळते. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी मद्रासहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३०० खराब दृश्यमानतेमुळे हैदराबादला उतरू शकले नाही. फ्लॅप अडकले होते. तशाच अवस्थेत ते मद्रासकडे परत फिरले आणि वाटेत इंधन संपून तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरले. २६२ जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही, हे नशीबच. फ्लॅप बाहेर असताना किती जादा इंधन जळेल, हा हिशेब तेव्हा माणसांनाच मांडावा लागे, तोही ऐन धांदलीत. बिघाड ओळखून नेमकी यादी समोर आणणे आणि त्याचा उतरतानाच्या यादीवर होणारा परिणाम तिथे जोडून ठेवणे ही कामे यंत्र माणसापेक्षा चांगली करते. ती त्याच्याकडेच द्यावीत.

मग कागद मोडीत काढावा का? नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिम्युलेटरमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली. यंत्र स्वतःच तपासून खूण करते म्हटल्यावर वैमानिकांचे स्वतः बघणे कमी झाले. इंजिनाच्या आगीच्या गोंधळात टाकणाऱ्या प्रसंगात चुकीचे इंजिन बंद करण्याची चूक कागद वापरणाऱ्यांकडून कमी झाली. कागद ओळ गाळू देतो, पडदा नजर सैल पडू देतो. त्यात यंत्रही मुके होऊ शकते. १६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेत डेट्रॉइटला नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे विमान फ्लॅप न उघडता उडाले आणि १५६ माणसे गेली. यादी वाचली गेली नव्हती, आणि धोक्याचा भोंगाही वाजला नाही, कारण त्याला वीजच पोचत नव्हती.

मला मात्र याहून मोठी वाटते ती यादीतली सवाल-जवाबाची रीत. वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला टोकणे आपल्याकडे जड जाते. हजारो तास उडालेल्या कॅप्टनला पंचविशीतला को-पायलट एरवी "सर, फ्लॅप बघितलेत का?" असे विचारताना दहादा विचार करील. यादी हातात आली की तो प्रश्न विचारणे त्याचे कर्तव्य होते आणि उत्तर देणे कॅप्टनचे. त्यात कोणाचा मान जात नाही. कॉकपिटमधली उतरंड त्या अर्ध्या मिनिटापुरती बाजूला सरते. पडद्याने सगळ्या खुणा आपोआप केल्या आणि दोघेही मान डोलावून मोकळे झाले, तर धाकट्याचा हा हक्क नकळत हातचा जातो. रोजच्या साध्या प्रश्नांतून न घडलेली जीभ आणीबाणीत अचानक कशी चालेल?

म्हणून पडदा यावा, पण प्रश्नोत्तरांसह यावा. फ्लॅप, चाके, केबिनचा दाब या जिवावर बेतणाऱ्या ओळी हिरव्या झाल्या तरी एकाने मोठ्याने विचाराव्यात आणि दुसऱ्याने पडद्याची खूण न वाचता प्रत्यक्ष तरफ किंवा काटा बघून उत्तर द्यावे. सिम्युलेटरमधल्या परीक्षेत मूक होकार चूक धरावा. वीज गेली, पडदा विझला, तर लागणारे कागदी पुस्तक हाताशी असावे आणि त्याचा सराव चालू ठेवावा. विमान कंपन्यांना यात खर्च फारसा नाही, शिस्त मात्र रोजची आहे. ती पाळली जाते की नाही, याची जबाबदारी कॅप्टनच्या खुर्चीवर बसणाऱ्याची अधिक आहे, कारण धाकट्याच्या प्रश्नाला मनापासून उत्तर देण्याचा पायंडा तोच पाडू शकतो.