शाळा बघितलीस की भिंत?

परवा फटफटीवरून खाली न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून, तू मला म्हणालास, "बाई, शाळेला आता दर्जा राहिला नाही. पोरीचा दाखला द्या." तास चालू होता, सातवीची पोरं खिडकीतून बघत होती, म्हणून मी गप्प बसले. आज रविवार आहे. शाळेच्या ओट्यावर आपण दोघंच आहोत. आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. सातवीत असतानाही तुला ती खोड होती.

फाटकापासून ऑफिसपर्यंत चाळीस पावलं. तेवढ्यात तुला भिंतीचे पोपडे दिसले, गळका नळ दिसला, व्हरांड्यात खिचडीची ताटं घेऊन बसलेली पोरं दिसली. तालुक्याच्या रस्त्यावरच्या त्या दुसऱ्या शाळेत पिवळी बस दिसली, गळ्यात टाय दिसला, काउंटरमागं गोड बोलणाऱ्या मॅडम दिसल्या. झाला तुझा निवाडा! गेल्या वर्षी म्हैस घ्यायला गेलास तेव्हा मालकाच्या गोठ्यावर मुक्काम ठोकलास. दोन वेळची धार स्वतः काढून बघितलीस, दात बघितलेस, कास चाचपलीस, मगच इसार दिलास. गावभर सांगत होतास. म्हशीला एवढी पारख, आणि लेकीची शाळा मात्र शिंगांच्या रंगावरून?

शाळेला नावं ठेवू नकोस असं मी म्हणत नाही. ठेव, पण नीट ठेव. आमच्यात खोट आहे आणि ती पोपड्यांपेक्षा मोठी आहे.

सहावी ते आठवीची शाळा बघायची तर आधी विचारायचं, गणित कोण शिकवतं? पाचवीपर्यंत एकच गुरुजी सगळे विषय ओढून नेतात, चालून जातं. सहावीला ऋण संख्या येतात, मागोमाग बीजगणित येतं, विज्ञानाला प्रयोग लागतो. तिथं विषय जाणणारा माणूस लागतो, आणि कायद्यालाही ते ठाऊक आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात या तीन इयत्तांसाठी लिहिलंय की दर वर्गाला निदान एक शिक्षक हवा, आणि त्यांत विज्ञान-गणिताचा एक, सामाजिक शास्त्रांचा एक, भाषेचा एक असायला हवा. ३५ मुलांमागं एक, हे वेगळंच. आपल्याकडे त्यांना पदवीधर शिक्षक म्हणतात. आपल्या शाळेत गणित-विज्ञानाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. गणित मी शिकवते, आणि मी मराठीची बाई. आदल्या रात्री उदाहरणं सोडवून मग वर्गात जाते. शेकडेवारी जमते, बीजगणितात अजून धाप लागते. वर मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडेच, कारण स्वतंत्र मुख्याध्यापक मिळण्याइतका आपला पट नाही, तो सत्त्याऐंशी आहे. तू एक दाखला नेलास की शहाऐंशी.

या खोटेबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. तुला माहीतच नव्हतं. आणि माहीत नसायचं कारण तूच आहेस. ते शेवटी सांगते.

दुसरं, वही बघायची. कुणाची? हुशार पोराची नाही, ती आम्ही पाहुण्यांना दाखवायला वरच ठेवतो. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेला असतो ना, दप्तराची चेन तुटलेला, त्याची मागायची. सगळ्या पानांवर नुसत्या लाल बरोबरच्या खुणा असतील तर समज, ती वही कुणी वाचलेली नाही, बाईंनी टीव्हीसमोर बसून उरकलीय. निबंध तीस वह्यांमध्ये शब्दाला शब्द सारखा असेल तर तो गाईडातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत आलाय, पोराच्या डोक्याला त्याचा स्पर्श नाही. चांगली वही दिसायला घाण असते. तिच्यात पोराची स्वतःची चूक असते, बाईंचा गोल असतो, आणि खाली तेच उदाहरण पोरानं पुन्हा केलेलं असतं. मला विचारशील तर सगळ्या शाळेचा दर्जा त्या तिसऱ्या ओळीत असतो. चूक काढणारे पुष्कळ आहेत. ती पोराकडून दुरुस्त करून घेऊन पुन्हा तपासायला वेळ लागतो, आणि तोच वेळ शाळेत सगळ्यांत महाग आहे.

वहीवरही विश्वास नसेल तर पोराला जवळ बसव. दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट मोठ्यानं वाचायला दे. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांग. 'प्रथम' संस्थेची माणसं 'असर'च्या पाहणीसाठी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना हेच करायला लावतात. एका पोराला पाच-दहा मिनिटं लागतात. सातवीतलं पोर तिथं अडखळलं तर मला पकडून विचार, मी मान खाली घालीन. पण हाच कागद घेऊन त्या टायवाल्या शाळेतही जा. तिथं काउंटरच्या पुढं सोडतात का बघ, आणि सोडलं तर शेवटच्या बाकावरचं पोर इंग्रजी पुस्तक वाचतं की पाठ म्हणतं, ते बघ. धड्यातलं मधलंच वाक्य बोट ठेवून वाचायला सांगितलं की कळतं.

निकालपत्रकाचं कौतुक मला सांगू नकोस. आकारिक आणि संकलित मूल्यमापन मिळून श्रेणी लागते. सातवीला त्यातले ४० गुण वर्षभराच्या कामाचे आणि ६० परीक्षेचे. दोन्ही आम्हीच देतो. माझा हात सैल की आखडता, यावर तुझ्या पोरीची अ-१ ठरते. शाळेचंही तसंच. 'शाळा सिद्धी' नावाचं मूल्यमापन आलं, ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं. आधी आम्ही स्वतःलाच गुण दिले. पेपर ज्यानं लिहिला त्यानंच तपासायचा! आता 'सुंदर शाळा' अभियान आलं, बक्षिसं आली, सगळ्या शाळा रंगल्या. रंग वाईट नाही, मीही गावात वर्गणी मागून जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे रंगवून घेतले. पण पायरीवर लिहिलेला सतराचा पाढा पोरांच्या तोंडात आहे का, हे विचारायला आजवर एकही पाहुणा थांबला नाही. सगळ्यांनी पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढले.

आणि चौकातले ते फलक. शिष्यवृत्तीत दोन, एनएमएमएसमध्ये तीन, वर पुढाऱ्यांचे फोटो. एनएमएमएस चांगली परीक्षा आहे. आठवीत द्यायची, उत्पन्नाची अट आहे, पास होऊन यादीत आलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. गरिबाच्या पोराला मोठा आधार. पण फलक वाचताना एवढंच विचार, वर्गात पटावर किती होते? चाळीसातले तीन निवडून, त्यांनाच सकाळ-संध्याकाळ घोटून घेऊन फलक लावता येतो. उरलेली सदतीस पोरं त्या वेळी काय करत होती, हे फलकावर नसतं. हे पाप मीही एके वर्षी केलंय, म्हणून सांगते.

परवा बोलताना तू परितेवाडीचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलंस. सोलापूर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेचीच शाळा, तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतरांना वाटून टाकली. खरं आहे, अभिमान वाटतो. पण तेव्हाच छापून आलेलं दुसरं वाचलं नाहीस. ते २००९ मध्ये तिथं गेले तेव्हा शाळेची इमारत पडीक होती, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार. फटफटीवर बसून तू ती शाळा बघितली असतीस तर काय निवाडा दिला असतास?

आता जरा अवघड बोलते. तुझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आठवी संपेल तेव्हा चौदाची असेल. या वयाच्या मुलींची शाळा जोखायची तर स्वच्छतागृहात जायचं. तू नको जाऊस, तिच्या आईला पाठव. कडी आहे का, आतून लागते का, पाणी आत येतं की बाहेरून बादली न्यावी लागते. आपल्याकडे कडी आहे, पाणी नाही. मार्चनंतर तर थेंब नाही. महिन्यातले चार दिवस मोठ्या मुली घरी राहतात. हजेरीपत्रकात त्या चार दिवसांचे शून्य दर महिन्याला दिसतात, आणि तपासणीला आलेला साहेब बेरजेवर सही करून जातो. दिवाळीनंतरची पानंही बघ. ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या घरांतली पोरं मार्च-एप्रिलपर्यंत गायब. परत आल्यावर त्यांना आम्ही वर्गात घेतो की नुसतं पटावर ठेवतो, ही शाळेची खरी तपासणी आहे. सातवीच्या पटावरची एखादी मुलगी आठवीच्या पटावर नसली तर ती कुठं गेली हे शाळेनंही विचारायला हवं आणि गावानंही. गेल्या वर्षी एक गेली. तिच्या अक्षता टाकायला तू होतास.

दिवस मोज. कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास शिकवणं झालं पाहिजे. शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात मी किती तास वर्गात असते आणि किती तास मोबाइलवर माहिती भरत असते, याची वही मी ठेवलीय. तू ती मागायला आला असतास, "बाई, आमच्या पोरांचे तास कुठं गेले?" असं ओरडला असतास, तर मी तुला चहा पाजून वर दंडवत घातलं असतं. तू आलास टायची गोष्ट घेऊन.

आता तुझ्यावर येते. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या बायका. म्हणून तुझ्या बायकोचं नाव समितीत आहे. नाव तिचं, बैठकीला येतोस तू. शेवटच्या दहा मिनिटांत. रजिस्टर घरी नेतोस, चुलीपाशी तिची सही घेतोस, परत आणून देतोस. तिनं कधी बैठकीची खोली बघितलेली नाही. गणिताची जागा भरा म्हणून ठराव, पाण्याच्या टाकीचा ठराव, दोन्ही त्या रजिस्टरमध्ये आहेत, तिची सही दोन्हींखाली आहे, आणि तुम्हा दोघांनाही त्यात काय लिहिलंय हे ठाऊक नाही. ठरावाची प्रत घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चार पालकांनी जायचं होतं. मी तीन तारखा दिल्या. एकदा जत्रा होती, एकदा लग्न, एकदा तू विसरलास. मी एकटी जाऊन आले. एकट्या बाईची तिथं किती किंमत असते, ते पुन्हा कधीतरी सांगीन.

तुझी बायको नववीपर्यंत शिकलीय. पोरीच्या वहीत परवा मी एक उदाहरण चुकून बरोबर दिलं होतं. त्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, 'बाई, हे तपासा.' अक्षर पोरीचं नव्हतं. उदाहरण खरंच चुकलं होतं. इतकी वर्षं मी या शाळेत आहे, आमच्या कामाची एवढी नेमकी तपासणी दुसऱ्या कुणी केलेली नाही. पुढची बैठक शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर आहे. तिला पाठव. तू घरी म्हशीची धार काढ.

त्याआधी गुरुवारी साडेदहाला ये. फटफटी बाहेर लाव, चपला काढ, सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बस. गणिताचे दोन तास आहेत, अपूर्णांक चाललेत. मी चुकले तर तिथंच सांग, पोरांसमोर सांग.

दाखला मी लिहून ठेवलाय. मुलीला दुसऱ्या शाळेत घालायचा तुझा हक्क आहे, अडवणार नाही. नाव, जन्मतारीख, वर्तणूक, सगळं भरलंय. 'शाळा सोडण्याचे कारण' हा एकच रकाना कोरा आहे. गुरुवारी तास बघून झाला की तूच सांग, मी तिथं काय लिहू.