वेगळे काढून पाहताना

एखादी गोष्ट नीट कळावी म्हणून ती तिच्या जागेवरून बाहेर काढावी लागते. पण बाहेर काढल्यावर ती पूर्वीचीच राहते का? आम्हाला हा प्रश्न ज्ञानाइतकाच नीतीचाही वाटतो. तो उलगडण्यासाठी प्रयोगशाळेतील एक उदाहरण घेऊ.

पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून शाळेत शिकवली जाते ती तंतुकणिका. तिचे चित्र घेण्यासाठी ताजे ऊतक बर्फावर ठेवून साखरेच्या थंड द्रावणात हलक्या हाताने घोटतात. ते यंत्रात फिरवले की जड केंद्रके तळाशी बसतात. वरचा द्रव आणखी वेगाने फिरवला की तंतुकणिका खाली येतात. त्यांचा थेंब बारीक जाळीवर ठेवून, जादा पाणी टिपून, जाळी अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये क्षणात बुडवतात. पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखे गोठते आणि नाजूक पडदे शाबूत राहतात. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घेतात. पाणी असे गोठवण्याची रीत 1980च्या दशकाच्या आरंभी जाक द्युबोशे यांनी बसवली. 2017 साली त्यांना योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासह नोबेल मिळाले.

या वाटेने मोलाचे ज्ञान हाती आले. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याच्या घड्यांवर ऊर्जा घडवणारी प्रथिने जोडीजोडीने रांगेत असतात, आणि एका बुरशीत म्हातारपणी या जोड्या सुटून घड्या मोडतात, हे जर्मनीतील वेर्नर क्यूलब्रांट यांच्या गटाने दाखवले. तेव्हा वेगळे काढणे हा गुन्हा नव्हे.

पण तंतुकणिकेची कहाणी एवढीच नाही. तिचा पूर्वज बाहेरून आलेला स्वतंत्र जिवाणू होता, हा विचार 1967 साली लिन मार्गुलिस यांनी नेटाने मांडला आणि पुढे तो मान्य झाला. माणसाच्या तंतुकणिकेत आज स्वतःची 37 जनुके उरली आहेत. तिला लागणारी हजारावर प्रथिने पेशीच्या केंद्रकातील जनुकांवरून घडतात. पेशी तिच्यावाचून जगत नाही आणि तीही पेशीबाहेर फार काळ टिकत नाही. चित्रात घडण दिसते, हे नाते दिसत नाही. शिवाय जाळी साधारण 60 अंशांपलीकडे कलवता येत नाही, म्हणून पाचरीएवढी माहिती निसटतेच. प्रामाणिक संशोधक हे लिहून ठेवतो. आता तर गोठवलेली पेशीच आयनांच्या झोताने तासून तंतुकणिका तिच्या घरातच पाहण्याची धडपड चालते. हजार वर्षांपूर्वी इब्नुल हैसम यांनी ‘किताबुल मनाजिर’मध्ये नजरेच्या चुकांना स्वतंत्र भाग दिला होता. इल्मची ही शिस्त आपल्याला परकी नाही.

समाजाकडे पाहताना ही शिस्त कुठे जाते? सोलापुरात यंत्रमागावर चादर विणणारा मुसलमान आणि त्याच्या शेजारचा पद्मशाली यांची सुताच्या भावाची चिंता एकच असते. विड्या वळणाऱ्या बायांच्या मजुरीला जात-धर्म नसतो. तरी ‘मुसलमान’ म्हणून त्या माणसाला मागावरून, मोहल्ल्यातून, मराठीतून उचलून वेगळे ठेवले जाते आणि मग विचारले जाते, हा इथला वाटत का नाही? मुस्लिम स्त्रीचा विषय निघाला की तलाक तेवढा चित्रात येतो. तिची मजुरी, मुलीची शाळा, घरातले आजारपण चौकटीबाहेर राहते. तलाकचा प्रश्न खोटा नाही, पण तो म्हणजे सगळी बाई नव्हे. आपल्यातले काही पुढारीही समाजाला असेच वेगळे काढून मिरवतात, कारण तुटलेल्या तुकड्याचे पुढारीपण सोपे असते.

1990 साली याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या नावातले मुस्लिम आणि मराठी हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. आमचा अभ्यास कोणी करू नये, असे आम्ही म्हणत नाही; तो व्हावा आणि कठोर व्हावा. मागणी इतकीच, की ज्याने आम्हाला वेगळे काढले त्याने काढताना काय तुटले तेही लिहावे, आणि शक्य तेव्हा आम्हाला आमच्या घरात येऊन पाहावे.