नोंदीआडचा माणूस : दुय्यम साधनांचा नैतिक प्रश्न

समाजशास्त्रीय संशोधनात प्राथमिक आणि दुय्यम साधने असा भेद रूढ आहे. संशोधकाने स्वतः क्षेत्रात जाऊन मिळवलेली माहिती प्राथमिक; अन्य कोणी, अन्य हेतूने, आधीच सिद्ध करून ठेवलेली माहिती दुय्यम. या व्याख्येतील ‘अन्य हेतूने’ हे शब्द सहसा विचारात घेतले जात नाहीत. वस्तुतः दुय्यम साधनांचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंचे मूळ तेथेच आहे.

ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील दिवा परिसराचे उदाहरण घेता येईल. मध्य रेल्वेच्या या जंक्शनाभोवतीची वस्ती दररोज लोकलने मुंबईकडे जाते. ९ जून २०२५ रोजी सकाळी, शेजारच्या मुंब्रा स्थानकाजवळ, दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. ही घटना सर्वांपर्यंत पोहोचली. एरवी एकेकट्याने होणारा असा मृत्यू लोहमार्ग पोलिसांच्या दप्तरातील एक नोंद होऊन राहतो.

अशा नोंदींचे मोल कमी लेखता येणार नाही. कितीही मुलाखती घेतल्या तरी अनेक वर्षांचा आणि संपूर्ण मार्गाचा पट एका संशोधकाच्या हाती येत नाही. एका घराचे दुःख ही व्यवस्थेची परिणती आहे, हे सलग नोंदींवरूनच दाखवता येते. शिवाय त्या संशोधकाच्या गृहीतकाआधी लिहिल्या गेलेल्या असतात, आणि शोकग्रस्त कुटुंबाला पुन्हा बोलते करण्याची गरज त्यांमुळे कमी होते.

तथापि नोंद ज्या रकान्यात पडते, तो रकाना निरागस नसतो. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार प्रवासी गाडीतून अपघाताने पडल्यास, रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाईचा हक्क निर्माण होतो. रूळ ओलांडताना मृत्यू आल्यास तो या तरतुदीखाली निर्माण होत नाही. साक्षीदार नसताना रुळालगत सापडलेला देह कोणत्या रकान्यात घालायचा, हा निर्णय म्हणूनच वस्तुस्थितीचा असतो तसाच उत्तरदायित्वाचाही असतो. केवळ तिकीट सापडले नाही म्हणून मृत व्यक्ती प्रवासी नव्हती असे ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात २०१८ मध्ये म्हटले. न्यायालयात वाद्य ठरणारी ही बाब संशोधकाच्या तक्त्यात मात्र निर्विवाद आकडा होऊन बसते.

जनगणनेचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. ‘ठाणे’ हे नाव कायम राहिले, त्याचा आशय बदलला. येथे कोणाचा हेतू दूषित नाही. तरीही बेसावध तुलना चुकीचा निष्कर्ष देईल.

मग केवळ क्षेत्रीय अभ्यासावर विसंबावे काय? भरपाईसाठी झगडणाऱ्या कुटुंबाचे कथनही त्या झगड्याने घडलेले असते. तेव्हा साधन प्राथमिक आहे एवढ्यावरून ते सत्याच्या अधिक जवळ आहे, असे मानता येत नाही.

साहित्याचा अभ्यासक संहितेला जे प्रश्न विचारतो, तेच दप्तराला विचारावे लागतात : हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि असे लिहिल्याने कोणाचे काय वाचले किंवा बुडाले? दोन वाचनांत एक भेद मात्र उरतो. कादंबरीतील पात्राचा विपर्यास झाला तर त्या पात्राचे काही जात नाही. ‘रूळ ओलांडताना’ या दोन शब्दांत मिटलेल्या माणसाला आपली नोंद दुरुस्त करता येत नाही. संशोधकाने तो रकाना जसाच्या तसा उचलला, तर मूळ निर्णयाची जबाबदारी त्याच्याकडेही येते. किमान तो निर्णय कसा झाला असेल हे आकड्यासोबत सांगणे, एवढे त्या माणसाचे देणे आहे.